चौथा कोपरा

सुट्टीच्या त्या दिवशी फोन मेला असता तर हिशेबनिसांचा फायदाच फायदा होता. कंबर शाबूत राहिली असती, दुपारची झोप पदरात पडली असती आणि मेहुण्याच्या तोंडचं ‘भावोजी, जरा हात लावता का’ हे वाक्य कानांवर पडलं नसतं. खर्चाच्या बाजूला काय, तर एक बॅटरी. ती काय, पुन्हा भरता येते. व्यवहार सोन्यासारखा होता.

मेहुणा घर बदलत होता. त्याचा उजवा हात मुरगळून गळ्यात अडकवलेला, आणि सासऱ्यांचं लोखंडी कपाट नव्या घरी तिसऱ्या मजल्यावर चढवायचं होतं. मागे एकदा हेच कपाट उतरवताना हिशेबनिसांच्या कंबरेत अशी लचक भरली होती, की आठवडाभर ते कचेरीत काहीतरी हरवल्यासारखे जमिनीकडे बघत हिंडत होते. बायको सकाळीच भावाकडे निघाली. जाताना म्हणाली, “तुम्ही तुमचं काम उरका. लागलंच तर फोन करीन. आणि जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. मनात एक आणि तोंडावर ‘बघतो’, असं नको.”

नेमकं स्पष्ट सांगणंच हिशेबनिसांना जन्मात जमलं नव्हतं. ‘नाही’ ओठांपर्यंत यायचं आणि बाहेर पडताना त्याचं ‘हो, बघतो की’ व्हायचं. बरं, फोन नुसता बंद करायचा आणि बॅटरी संपली म्हणायचं, तर ती झाली खोटी नोंद. तसलं काम त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. बॅटरी खरीखुरी संपायला हवी, म्हणजे उद्या कुणी तपासणी केली तरी कागद स्वच्छ. त्यांनी टॉर्च लावला, पडदा लख्ख उजळवला, धबधब्यांचे व्हिडिओ सुरू केले आणि एखाद्याच्या उशाशी बसावं तसे समोर बसून राहिले. बऱ्याच वेळाने फोनने मान टाकली. हिशेबनिसांनी समाधानाने चादर डोक्यावर ओढली.

झोप काही लागेना. फोन लागत नाही म्हटल्यावर बायको गप्प बसणारी नव्हे. ती घरी येणार, आणि येऊन बघणार काय, तर भर दुपारी लोळणारा नवरा! त्यापेक्षा आपणच फोन करून ‘अगं, बॅटरीच संपली होती’ म्हणावं, हे बरं. ते उठले आणि फोन चार्जिंगला लावला.

पडदा काळा. दुसऱ्या प्लगला लावला, काळा. वायर उलटी केली, सुलटी केली, टाचणीने भोक साफ केलं, बटण बोट पांढरं होईस्तोवर दाबून धरलं. हू की चू नाही. “मला खोटं बोलायचं होतं रे,” ते फोनला म्हणाले, “पण इतकं खरं नको होतं!”

शेजारचे निवृत्त मास्तर हाकेसरशी आले. “तांदळात पुरा.”

“पाण्यात नाही पडला हो. उपाशी मेलाय.”

“मग तर तांदूळच हवेत!”

हिशेबनीस थेट कोपऱ्यावरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी फोन हातात घेतला, तो डॉक्टरांनी नातेवाइकांना बाहेर बोलवावं अशा चेहऱ्याने.

“पार तळाला नेलात की हो. काय करत होतात काय याच्यावर?”

“धबधबे बघत होतो.”

“इतका कोरडा झाला की कुठल्याही चार्जरला दाद देत नाही हा. याचा मूळचा चार्जर कुठंय? तो तासभर लावा, मधे हात लावू नका. उठेल.”

मूळचा चार्जर गेल्याच महिन्यात मेहुण्याने मागून नेला होता. नाही म्हणता आलं नव्हतं.

“तुमच्याकडे नाही का तसा?”

“उद्या मागवून देते.”

“उद्या? बाई, बायको आज येणारेय हो!”

हिशेबनिसांनी पुन्हा आकडेमोड केली. ऊन कलायला आलं होतं. एव्हाना कपाट केव्हाच वर गेलं असणार. आता गेलो तर चहा मिळेल, चार्जर मिळेल, हळहळायलाही मिळेल. त्यांनी मेहुण्याच्या नव्या घराकडे रिक्षा केली.

जिन्याच्या तोंडाशी कपाट उभं होतं, दोरखंडाने करकचून आवळलेलं. त्याला टेकून तीन हमाल बसले होते.

“आले! भावोजी आले!” मेहुण्याने आनंदाच्या भरात गळ्यातला हातसुद्धा उचलला आणि कळवळून खाली घेतला.

“अजून वर नाही गेलं?”

“कसं जाणार साहेब?” थोरला हमाल उठत म्हणाला. “कोपरे चार, आम्ही तिघं. दुपारपासून तुमच्या वाटेकडे डोळे लावलेत.”

“मी नुसता चार्जर न्यायला आलोय.”

“चार्जर ना?” मेहुणा म्हणाला. “आहे की! कपाटातच टाकलाय, आतल्या चोरकप्प्यात. कपाट वर गेलं की पहिला तोच काढून देतो.”

“दोर जरा सैल केला तर?”

“दारं लटकतील,” हमाल म्हणाला. “जिन्यात माणूस चेपेल एखादा.” हे सांगताना तो हिशेबनिसांच्याच मापाचा अंदाज घेत होता.

हिशेबनिसांच्या वाट्याला खालचा, भिंतीकडचा कोपरा आला. पहिल्या मजल्यावर त्यांनी मेहुण्याला शिव्या दिल्या, दुसऱ्यावर धबधब्यांना. तिसऱ्यावर शिव्यांना दम उरला नव्हता. कपाट टेकलं आणि त्यांच्या कंबरेतून ‘कट्’ असा आवाज आला. आवाज ओळखीचा होता. ते आहेत तिथेच फरशीवर आडवे झाले.

दोर सुटला, चार्जर निघाला. बायकोने फोन त्यांच्या शेजारीच लावला. दोघंही निपचित पडून होते. हमालांचा चहा झाला, कपाट भिंतीला लागलं, आणि मग काळ्या पडद्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. थोड्या वेळाने फोन थरथरला आणि साचलेले निरोप धडाधड येऊन पडले. बायकोने ते मोठ्याने वाचले. सगळे तिचेच होते.

“‘दादाने चार हमाल बोलावलेत. तुमच्या कंबरेचा विचार करूनच. येऊ नका, झोपा निवांत.’” तिने पुढचा उघडला. “‘चौथ्याला दुसरं काम आलंय, जाऊ का विचारतोय. तुम्हाला जमेल का? नुसतं नाही म्हटलंत तरी पुरे, मी त्याला थांबवते.’” आणि शेवटचा. “‘उत्तर नाही, म्हणजे निघालात असं धरते. त्याला सोडलं.’”

हिशेबनिसांनी डोळे मिटले.

“बॅटरी संपली होती अगं,” ते म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

“रात्री मीच पूर्ण भरून ठेवली होती,” बायको म्हणाली. तेही खरं होतं. “उठता येतंय का?”

“नाही.”

इतकं स्वच्छ, ठणठणीत ‘नाही’ बायकोने त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. तिने गादीवरची जाड चादर काढून फरशीवर पसरली आणि हमालांना हाक मारली. ते तिघेही आले, चादरीकडे बघून एकमेकांकडे बघायला लागले. पुन्हा कोपरे चार आणि माणसं तीन.

“भावोजी,” मेहुणा हळूच म्हणाला, “फोन चालू झालाय तर चार्जर राहू दे ना माझ्याकडे?”

“हो... बघू की,” हिशेबनीस म्हणाले.

सरतेशेवटी जमाखर्च असा झाला, की मेहुण्याची एका हमालाची मजुरी वाचली, वर चार्जरही राहिला. आणि चौथा कोपरा, पदर खोचून, तिसऱ्या मजल्यापासून रिक्षापर्यंत, बायकोने उचलला.