मुंजाजीची दोन जेवणं

आमच्या गावचा मुंजाजी हाटेलात चार जणांना घेऊन बसला की एकच चहा सांगतो. अन् तो स्वतःच पितो. बाकीचे तोंडाकडं बघायले की म्हणतो, "तुमच्यात अन् माझ्यात दुसरं कोण हाय? मी पिलो म्हंजी तुमी पिलेच."

हे खूळ त्याला हरिनामाच्या सप्त्यातून लागलं. कुठले तरी महाराज आले होते. जीव अन् शिव दोन न्हाईत, दोन दिसतेत ती नजरेची चूक, असं काहीतरी त्यांनी सांगितलं. आमी पंगतीला बसलो अन् विसरून गेलो. मुंजाजी विसरला न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्यातलं कळत न्हाई. पण त्याचं एकपण सोयीसोयीचं हाय, एवढं मला पहिल्यापासून कळतं. चारठाण्याच्या देवळातून हा गडी माझी नवी चप्पल घालून आला अन् वर म्हणला, "पाय काय वेगळे हायेत का?" अन् आमची शेळी त्याच्या तुरीत शिरली तवा? काठी घेऊन दारात उभा. "कुणाची हाय ही शेळी?"

माझी बायको कौसा भाकरी थापायली होती. आतूनच म्हणली, "भावजी, आज दोन कशे झाले?"

मुंजाजी काठी टाकून हसत बसला. तिचं बोलणं त्याला खपायचं.

कौसा पाच महिन्याखाली गेली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळे बाभळीवर बसलेले, पण एक बी शिवंना. पोरगा हात जोडून म्हणला, "आई, बाबाला पुण्याला नेतो." न्हाई. पोरगी म्हणली, "मी दर महिन्याला येते." न्हाई. ऊन चढलं. मग मीच म्हणलं, "जा आता. माझं मी बघतो." कावळ्यानं मानच फिरवली. तवा मुंजाजी पुढं झाला, पिंडापाशी वाकून काहीतरी पुटपुटला. तो मागं सरतो न सरतो तोच कावळा खाली आला.

लोकं म्हणले, सुटली बाई. माझ्या डोक्यात मात्र किडा शिरला. चाळीस वर्षं माझ्यासंगं राहिलेली बाई माझ्या शब्दाला हलली न्हाई, अन् ह्याच्या शब्दाला हलली? असं काय बोलला हा?

इचारलं तर म्हणतो, "तुला सांगायला तू काय दुसरा हायेस?"

तेरावं झालं, लेकरं गेली. दुसऱ्या दिवसापासून हा बाराच्या ठोक्याला दारात. "टाक भाकर." मी नुकताच थापायला शिकलेलो, कडा जळालेल्या, मध्ये कच्ची. तरी बसायचा. अन् मी घास घेतल्याबगर ताटाला हात लावायचा न्हाई.

मी म्हणलं, "तू खा की. तू खाल्लं म्हंजी मी खाल्लंच."

"जेवणाचं तसं नसतंय," म्हणला.

हे नवीनच. चहाचं तसं असतंय, चपलीचं तसं असतंय, अन् जेवणाचं नसतंय? मला शंका आली. सुनेनं घराबाहेर काढलं का ह्याला? का माझ्या घरात काही बघून ठेवायलाय? मी कौसाच्या पेटीला कुलूप घातलं.

परवा गिरणीत दळण घेऊन गेलो तर त्याची सून भेटली. मी तोंडावरच इचारलं, "का गं, सासऱ्याला जेवू घालत न्हाईस का?"

ती भडकलीच. "अवं मामा, अकराला दोन भाकरी खाऊनच घर सोडतेत. तुमच्याकडून आले की दिवस मावळेपस्तोर ओवा चघळत कण्हायलेत. डाक्टरनं सांगितलं, एका टायमाचं बंद करा. ऐकत न्हाईत."

बाराला मुंजाजी आला. मी ताट वाढलंच न्हाई.

"दोन न्हाईत म्हणत गावभर फिरतोस, अन् दोन-दोन जेवणं जेवायलास? काय बोललास रे तू तिला?"

मुंजाजी म्हणला, "वहिनीला म्हणलं, ह्याला एकट्याला जेवू देत न्हाई."

"मग नुसता बसत जा की समोर."

"नुसता बसलो तर तू बी नुसताच बसशील." मग हळूच म्हणला, "माझी गेली तवा मी सहा महिने तसाच बसलो होतो. घरात माणसं होती तरी."

मी ताट वाढलं.

आता त्याची भाकर मी पातळ थापतो. लय अवघड हाय, काठवटीतच फाटते. दोन-तीनदा मोडून पुन्हा थापावी लागते. तो चुलीपाशी बसून बघतो.