हात लावायचा नाही

व्हिसाच्या मुलाखतीची तालीम घरीच करायची असं मेकॅनिकांनी ठरवलं, आणि तिथेच त्यांचे ग्रह फिरले.

पाकिटं भरायची मशीनं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची चोवीस वर्षं गेली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं दोन-दोनदा परदेशी जाऊन आली, हे मात्र विमानतळावर त्यांना पोहोचवण्यापुरतेच! आता कुठे परदेशी गिऱ्हाइकाकडे मशीन चालू करून द्यायला बारा दिवसांसाठी यांचा नंबर लागला होता. बायकोने संध्याकाळच्या आत सगळ्या बिल्डिंगला सांगूनही टाकलं.

पण व्हिसा होता पाहुण्याचा. (कामाच्या परमिटला तीन महिने लागतात, आणि गिऱ्हाईक तेवढं थांबणार नव्हतं.) पाहुण्याने मशीन बघायचं, माहिती सांगायची, शिकवायचं. पान्याला हात लावला की ते काम, आणि कामाला परमिट!

"हात न लावता मशीन चालू होतं होय?" मेकॅनिक वैतागले.

"हात तिथली माणसं लावतील. तुम्ही नुसतं बोलायचं. घरात मी नाही का बोलत?" बायको म्हणाली, आणि त्यांचाच चष्मा लावून व्हिसा ऑफिसर झाली.

"मशीनला हात लावणार?"

"नाही, मॅडम."

"स्क्रू ढिला दिसला तर?"

"...थोडासाच आवळीन."

"नापास!"

आठ दिवस हेच. बायको मुद्दाम कुरकुरणारं कपाट त्यांच्यासमोर उघडायची, मिटायची. बिचारे स्वतःच्या हातांवर बसून राहायचे. शेवटी एकदाचे पास झाले.

मुलाखतीच्या दिवशी खिडकीच्या काचेमागे ऑफिसर होते. उत्तरं धडाधड गेली. ऑफिसर खूश झाले आणि पासपोर्ट घेण्यासाठी त्यांनी काचेखालचा ड्रॉवर ओढला. तो अर्ध्यातच अडकला.

"उजवीकडचा स्क्रू सुटलाय," मेकॅनिक शहाण्यासारखे नुसते बोलले.

ऑफिसरने डावीकडे ठोकलं.

"उजवीकडचा, साहेब!"

ऑफिसरने सगळा जोर लावून हिसका दिला. आतल्या पासपोर्टचा कोपरा कर्रकन दुमडला. आता मात्र मेकॅनिकांना राहवेना. स्क्रूड्रायव्हर दारातच जमा झाला होता, पण खिशात नाणं होतं. काचेखालून हात घातला, चार आटे दिले, ड्रॉवर लोण्यासारखा सरकू लागला.

"वा! अर्ध्या मिनिटात?"

"हे काहीच नाही. मशीन बघा माझं, कसं जोडतो ते!"

"स्वतः जोडता?"

"मग! दुसऱ्याच्या हातावर आपला विश्वास नाही." (चोवीस वर्षांत त्यांना असं कुणी विचारलंच नव्हतं हो!)

ऑफिसरने खाली पाहिलं. "तुमचा हात अजून काचेच्या आत आहे. म्हणजे आमच्या देशात, आणि परमिट नसताना काम करतोय." ते हसले, आणि हसत हसतच त्यांनी अर्जावर नकाराचा शिक्का मारला. "तीन महिन्यांनी परमिट घेऊन या. तुमच्यासारखी माणसं हवीतच आम्हाला."

घरी बॅग उघडी ठेवून बायको वाट बघत होती. मेकॅनिकांनी पडेल आवाजात सगळं सांगितलं. त्यांना फार वाईट वाटत होतं. तिलाही वाटलं; पण राग आणावा म्हणते तर हसूच फुटायला लागलं!

तेवढ्यात जिन्यातून शेजारीण ओरडली, "काय वहिनी, कधी निघणार भावोजी परदेशी?"

"जाऊन आलेसुद्धा!" बायकोने दार उघडून सांगितलं. "कोपरापर्यंत!"