शंकासुराचा पहारा

सकाळी नऊच्या ठोक्याला रुग्णालयाच्या नोंदणीखिडक्यांतले संगणकांचे तिन्ही पडदे पुन्हा अडकले आणि सर्व्हर सांभाळणाऱ्या शंकासुराने दातओठ खाल्ले. हे नाव त्याला कचेरीने दिलं होतं आणि ते उगाच नव्हतं. घरून आणलेला डबासुद्धा तो आधी चहूबाजूंनी निरखून मगच उघडायचा.

सर्व्हरची वाढीव मेमरी गेल्या महिन्यात त्यानेच हट्टाने आणवली होती. दिवसा माणसं त्याच त्या फायली सारख्या मागतात, म्हणून फायली हाताशी ठेवायची जागा, म्हणजे कॅशे, चोवीस जीबी. रात्री अहवाल आणि बॅकअप चालतात, त्यांना मोकळी जागा लागते, म्हणून कॅशे चार. सकाळी सातला परत चोवीस. सगळं घड्याळावर लावून दिलेलं, तरी रोज नऊला पाहावं तर आकडा चार.

"सोमवारपर्यंत खिडक्या सुरळीत झाल्या नाहीत, तर हे काम बाहेरच्या कंपनीला देणार," अधीक्षक मॅडमनी बजावलं होतं. वीस वर्षांची खुर्ची जाणार या धास्तीने त्याच्या तोंडची चव गेली होती.

संशय अर्थात रातराणीवर. रात्रपाळीच्या ऑपरेटरबाईंना सगळे याच नावाने ओळखत.

"ताई, आकड्याला हात कोणी लावला?"

"मी नाही बाई. सातला चोवीस झाले, ते बघूनच आठला निघाले."

"बघायचं कारण?"

"अहो, तुम्हीच सांगितलं होतं ना, बघत जा म्हणून."

"आणि मी सांगितलेलं तुम्ही ऐकलंत? एरवी ऐकता का कधी?"

यावर त्या हसल्या, तेव्हा त्याचा संशय दुणावला. त्याने पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी आकडा चार. मग त्याने पासवर्ड टाइप करताना बोटांवर फाईल आडवी धरली. तरी चारच. शेवटी आकडा कोण बदलतं याची नोंद ठेवायला त्याने सर्व्हरला लावलं.

नोंद मिळाली. वेळ साडेआठ, आणि नाव त्याचं स्वतःचं. साडेआठला तर तो घरी बायकोला विचारत होता की दाराची कडी कालच्यासारखीच आहे ना. म्हणजे त्याच्या नावाने दुसरंच कोणीतरी सर्व्हरमध्ये शिरत होतं. त्याने तडक तीन पानी तक्रार लिहिली: गुन्हेगार शोधावा आणि त्याच्या हाती सर्व्हरचा पासवर्ड पुन्हा कधीही पडू देऊ नये.

"कोणीही असलं तरी?" मॅडमनी विचारलं.

"सख्खा भाऊ असला तरी," म्हणत त्याने खाली सही ठोकली.

सर्व्हर कळणारं दुसरं माणूस एकच असल्यामुळे तपास रातराणीकडे गेला. चोराच्याच हाती किल्ली दिली, असं तो पुटपुटला. पण बाईंनी अर्ध्या तासात छडा लावला. सर्व्हरचे पंखे तपासणाऱ्या प्रोग्रॅमांच्या गर्दीत एक छोटा प्रोग्रॅम दडवलेला होता. काम एकच: रोज साडेआठला कॅशे चारवर आणायची.

"दोन वर्षांपूर्वीचा आहे," त्या म्हणाल्या. "साहेब, हे तुम्हीच लिहिलंय."

तेव्हा त्याला आठवलं. जुन्या मेमरीला चारच झेपत होते, आणि रातराणी रात्री गुपचूप आकडा वाढवते असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. म्हणून त्याच्याच नावाने, पासवर्ड न मागता चालणारा हा चोरपहारा. कोणी वाचेल या भीतीने त्याने तो कुठे टिपूनही ठेवला नव्हता, आणि पुढे स्वतःच विसरून गेला.

पहारा काढला आणि सोमवारी खिडक्यांवरची कामं झरझर होऊ लागली. बाहेरची कंपनी टळली, खुर्चीही राहिली. मॅडमनी मात्र त्याच्याच सहीची तक्रार त्याच्यापुढे सरकवली आणि सर्व्हर रातराणीच्या ताब्यात दिला. त्याला काही करायचं असेल, तर त्या दिवसापुरता पासवर्ड ताईंनी बंद पाकिटातून द्यायचा.

पहिलं पाकीट हातात पडताच तो खिडकीशी गेला आणि त्याने ते उजेडात धरून चिकटवलेली कड तपासली.

"ताई, हा पासवर्ड कोणी वाचला तर नाही ना?"

"अहो, मीच लिहिलाय तो."

"तेच तर मला खटकतंय," तो म्हणाला.