घुशीचं टेकाड आणि पाणाड्याचा नारळ

एका जंगलात एकदा समुद्र होता.

हसू नका. मागच्या रांगेत कोण हसलं? जंगलात समुद्र कसा, असं विचारायचं असेल तर हात वर करून विचारा. मी उत्तर देणार नाही, पण शिस्त राहील.

तर समुद्र होता. जंगल त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आलं. त्या समुद्रात डोळ्यांना दिसणार नाहीत एवढे इवलेसे जीव राहत होते. ते जगले काय आणि मेले काय, कुणाला पत्ता नव्हता. मेले की तळाच्या चिखलात जाऊन पडत. त्यांच्यावर आणखी चिखल बसे. त्या चिखलावर आणखी जीव, आणि त्यांच्यावर पुन्हा चिखल. वरून दाब, खालून धरणीची ऊब. तुमच्या आईच्या कुकरमध्ये तीन शिट्ट्यांत भात होतो. या चिखलाला शिजायला कोट्यवधी वर्षं लागली.

शिजता शिजता त्या जिवांचं तेल झालं. जे फारच शिजलं त्याचा वायू झाला. चिखलाचा खडक झाला. समुद्र कंटाळून निघून गेला. मग माती आली, झाडं आली, वाघ आला. वाघ आला म्हणून प्रधान आला. दोघं मिळून त्याला राज्य म्हणू लागले.

जमिनीखालची ही हकीगत त्या राज्यात एकाच प्राण्याला ठाऊक होती. ती म्हणजे उकराबाई घूस.

उकराबाई कासवटेकाडावर राहायची. टेकाड कासवाच्या पाठीसारखं गोल होतं, म्हणून ते नाव. पदरात नऊ पिल्लं. नवरा एकदा नागाकडे पाहुणचाराला गेला, तो अजून यायचाच होता. घुशींमध्ये अशी रीत होती, की नवी सून घरात आली की तिनं खाली एक खोली खणायची. चार पिढ्यांत सात खोल्या झाल्या होत्या. चार पिढ्यांत सात सुना कशा, ते विचारू नका. घराघरांतल्या गोष्टी असतात.

सातव्या खोलीच्या तळाशी काळा, घट्ट दगड लागला होता. त्याला नख लागत नसे. पण त्याच्या एका बारीक भेगेतून वायूच्या बुडबुड्यांसकट काळंकाळं, चिकट काहीतरी पाझरायचं. उकराबाई ते पिल्लांच्या अंगाला चोळायची. मग गोमाश्या जवळ येत नसत.

"ते त्याल हाय," तिच्या सासूनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लई खालनं येतं. वाळूच्या दगडाला बारीक बारीक भोकं असत्यात. त्यातनं पाण्याला सारत सारत वर चढतं. वर असा घट्ट दगड आडवा आला की अडतं. आन् दगडाला कुबड असलं, तर कुबडाखाली गोळा हुतं. आपण त्या कुबडावर नांदतो. ध्यानात ठेव आन् कुणाला बोलू नगं."

उकराबाईनं दोन्ही गोष्टी पाळल्या. दुसरी पाळणं सोपं होतं. घुशीला कुणी काही विचारतच नसे.

आता राजाकडे येऊ. राजाचं नाव पट्टेराव महाराज. एके दिवशी रानबदकं पलीकडच्या राज्यातून बातमी घेऊन आली. तिथं जमिनीतून तेल निघालं होतं. तिथला राजा दरबारात दिवा लावून बसत होता.

"दिवसा?" पट्टेरावांनी विचारलं.

"भर दुपारी," बदकं म्हणाली.

"आणि आपण दुपारी काय करतो?"

"आपण उन्हात बसतो, महाराज," प्रधान म्हणाले. प्रधान होते हसमुखराव तरस. राजा काहीही बोलला की हसायचं, एवढं एकच काम त्यांना होतं आणि ते त्यात फार पुढे गेले होते.

"हा राज्याचा अपमान आहे!" महाराज गरजले.

"घोर अपमान!" हसमुखराव म्हणाले आणि सवयीनं हसले.

झालं. हुकूम सुटला, तेल शोधा. त्या राज्यात जमिनीखालचं काहीही शोधायचं असलं की डोलबा वानराला बोलवायची पद्धत होती. डोलबा पाणाड्या होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानभर चालायचा. जिथं नारळ आपोआप उभा राहील तिथं खणायचं. तिथं पाणी लागायचं. काही ठिकाणी लागायचं नाही, पण त्याबद्दल बोलायची पद्धत नव्हती.

डोलबा नारळ घेऊन निघाला. मागे महाराज, मागे प्रधान, मागे अख्खं जंगल. माळावर नारळ आडवाच. ओढ्यात आडवाच. कासवटेकाडावर तर तो घोरतोय की काय असं वाटलं. शेवटी पाणवठ्याच्या काठावर आले, आणि नारळ ताडकन उभा राहिला.

"तेल!" डोलबा ओरडला.

आता तुम्हीच सांगा, ज्या नारळानं जन्मभर पाणीच शोधलं, तो पाणवठ्यापाशी उभा राहणार नाही तर काय करणार? पण त्या गर्दीत तुमच्याएवढं हुशार कुणी नव्हतं. आणि जे होते त्यांना नोकरी प्यारी होती.

"उद्या पाणवठा उपसा," महाराज म्हणाले. "हत्तींना सोंडा धुऊन यायला सांगा. मग तळ खणा."

दिवस वैशाखाचे होते. ओढा आटला होता, डबकी आटली होती. दहा कोसांत पाणी असं तेवढंच उरलं होतं. उकराबाई तेव्हा काठावर पाणी पीत होती. तिनं ऐकलं आणि तिच्या मिशांचं पाणी तिथंच थिजलं. पाणवठा गेला तर आठ दिवसांत तिची नऊच्या नऊ पिल्लं जीभ बाहेर टाकणार होती. हरणांची पाडसंही. डोलबाची नातवंडंसुद्धा.

ती घरी गेली. सातव्या खोलीत उतरली. पळसाच्या पानाचा द्रोण केला, भेगेतलं काळं तेल त्यात भरून घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दरबारात गेली.

"म्हाराज, पाणवठ्याखाली त्याल न्हाई."

"कोण बोललं?" महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं.

"खाली बघा, महाराज. घूस आहे," हसमुखराव म्हणाले आणि हसले.

"त्याल पाण्यासारखं खड्ड्यात साचत न्हाई," उकराबाई म्हणाली. "पाणी खाली उतरतं, त्याल वर चढतं. डोलबाकाका चुकल्यात. दावते की. मला एक करवंटी द्या."

करवंटी कुठून आणायची? त्या जंगलात नारळाचं झाड नव्हतं. नारळ एकच होता.

"नाही!" डोलबानं नारळ छातीशी धरला. "हा आमच्या घराण्याचा नारळ आहे! याला पाण्याची नाडी कळते!"

"फोडा," महाराज म्हणाले. त्यांना तो खेळ वाटला.

नारळ फोडला. आत थेंबभर पाणी नव्हतं. पाण्याची नाडी कळणारा नारळ आतून ठणठणीत कोरडा. हसमुखरावांनी खोबरं चाखून पाहिलं. "खवट आहे," ते म्हणाले, आणि सगळं खाल्लं.

उकराबाईनं हत्तीच्या न्हाणाची दगडी डोणी पाण्यानं भरली. तळाला तेलाचा द्रोण ठेवला, वर खडा ठेवला. त्यावर करवंटी पालथी धरून बुडवली. द्रोणातून काळे थेंब सुटले आणि वर चढू लागले. जे कडेनं सुटले ते पाण्यावर येऊन पसरले. जे करवंटीखाली सापडले ते तिथंच अडले. थोड्या वेळानं तिनं करवंटी जराशी कलती केली. आतून काळा गोळाच्या गोळा भसकन वर आला.

अख्खा दरबार डोणीभोवती गोळा झाला. एक म्हातारं सांबर तर टाळ्या वाजवायला गेलं आणि पडलं.

"म्हंजे जमिनीच्या पोटात पालथ्या करवंटीवाणी दगड असंल, तिथं वरल्या अंगाला त्याल," उकराबाई म्हणाली. "पाणवठ्यात न्हाई."

ती खूश झाली. पाणवठा वाचला होता. आणि तेवढ्यात महाराजांनी विचारलं,

"हे द्रोणातलं तेल तू आणलंस कुठून?"

बाळांनो, हा प्रश्न तिला सुचलाच नव्हता. पाणवठा कसा वाचवायचा एवढंच ती वाटभर घोकत आली होती. आता तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या. खोटं बोलली तर उद्या पाणवठा उपसणार. खरं बोलली तर घर जाणार. तिच्या डोळ्यांपुढे सातही खोल्या आल्या. दुसऱ्या खोलीत नऊही पिल्लं जन्मली होती. चौथीत सासूनं डोळे मिटले होते.

"माज्या घरातनं," ती म्हणाली. "कासवटेकाडावरनं."

सगळ्यांनी माना वळवून टेकाडाकडे पाहिलं. टेकाड हुबेहूब पालथ्या करवंटीसारखं दिसत होतं. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच.

"खणा म्हाराज, पर एक ऐका," उकराबाई हात जोडून म्हणाली. "लई मागं चिखलात गाडलेल्या इवल्या जिवांचं हे समदं झालंय. दगडाखाली सगळ्यात वर वायू बसलाय. त्याच्याखाली त्याल. तळाला खारट पाणी. आधी वायू सुटंल. तवा जवळ इस्तू नगं. ठिणगीबी नगं."

"सगळ्यात हलका तो सगळ्यात वर बसतो?" महाराजांनी विचारलं.

"व्हय."

"आणि ज्या चिखलातल्या जिवांचं हे सगळं झालं, ते कुठं असतात?"

"त्ये कुठंच नसत्यात, म्हाराज. त्यांचंच तर त्याल झालं."

महाराजांनी जरा विचार केला. "व्यवस्था चांगली आहे," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी टेकाडावर भूमिपूजन ठरलं. उकराबाई नऊ पिल्लांना एकेक करून तोंडात धरून पाणवठ्याच्या काठी सोडून आली होती. परत येऊन पाहते तर काय? महाराजांच्या पुढ्यात आरतीचं ताट, आणि ताटात पेटता दिवा! पलीकडच्या राज्यातून तो खास मागून आणला होता.

"दिवा नगं, म्हाराज! मी सांगितलं हुतं!"

"दिव्याशिवाय भूमिपूजन?" हसमुखराव दचकले. "असं आजवर कधी झालंय? शुभ वेळी तोंडातून नाही ते काढू नकोस."

"पर वायू..."

"वायूला मुहूर्त कळवला आहे," हसमुखराव म्हणाले.

रानडुकरांनी मुसंड्या मारून माती काढली. सात खोल्या सकाळभरात उघड्या पडल्या. काळा दगड लागला. हत्तीनं भेगेत सुळा घातला आणि कचकन पिरगाळला. आतून फुस्स आवाज आला. मग मोठा आवाज आला. हत्ती शहाणा होता, तो सुळा सोडवून सरळ खाली पळाला. उकराबाई त्याच्याही पुढे होती.

"मुहूर्त टळतोय!" असं म्हणून महाराजांनी ताट ओवाळलं.

पुढचं सांगायला हवं का? धडाड! टेकाडाच्या डोक्यातून ताडाएवढी ज्वाळा निघाली. महाराज चार उड्यांत पाणवठ्यात. मिशा गेल्या. अंगभर काजळी बसून सगळे पट्टे एक झाले, आणि पट्टेराव नावापुरते पट्टेराव उरले. हसमुखराव बाभळीवर सापडले. तीन दिवस त्यांना हसू आलं नाही. दैव बलवत्तर म्हणून जीव कुणाचाच गेला नाही.

ज्वाळा काही विझेना. तिच्याजवळ कुणाला जाता येईना. तेल तिच्याखाली होतं तिथंच राहिलं. मग महाराजांनी पाणवठ्यातूनच विचारलं,

"पलीकडच्यांचा दिवा केवढा?"

"वीतभर, महाराज."

"आणि आपला?"

"ताडाएवढा."

"म्हणजे आपण जिंकलो," महाराज म्हणाले. जंगलभर नगारे वाजले.

तरीही मिशा कुणामुळे गेल्या हे ठरवायला हवं होतं. चौकशी समिती नेमली. हसमुखराव अध्यक्ष, डोलबा सभासद. समितीनं महिनाभर फळं खाऊन अहवाल दिला. आग लागली, कारण घुशीनं टेकाड आधीच पोखरून ठेवलं होतं. डोलबाचा नारळ मात्र अचूक होता. तो पाणवठ्यापाशी उभा राहिला तो तेल दाखवायला नव्हे. महाराज पेटणार हे त्याला आधीच कळलं होतं, म्हणून त्यानं पाणी दाखवून ठेवलं. डोलबाला शाल मिळाली. टेकाडाला त्याचं नाव मिळालं. उकराबाईला टेकाडाच्या आसपास फिरकायची बंदी झाली.

तिला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पाणवठ्यावर येऊन ती बराच वेळ बसली. हरणं पाणी पीत होती. पाडसं पाण्यात पाय आपटत होती. डोलबाची नातवंडं एकमेकांवर पाणी उडवत होती. हे पाणी कुणामुळे उरलं, ते कुणाला माहीत नव्हतं. मग ती पण दोन घोट पाणी प्यायली आणि काठावर नवं बीळ खणायला लागली.

एक खोली झाली. दुसरी झाली. तिसरीच्या तळाशी तिच्या नखाला काळा, चकाकणारा दगड लागला. त्यावर कुठल्याशा जुन्या झाडाच्या पानाचा ठसा होता. तिनं वास घेतला. हा दगड चुलीत लाकडासारखा जळेल, हे तिला तिथंच कळलं. आणि तो पाणवठ्याखाली लांबवर पसरला आहे, हेही कळलं.

तेवढ्यात बिळाच्या तोंडाशी एक सावली पडली. हसमुखराव होते. त्यांना हसू परत आलं होतं.

"काय उकराबाई, खाली काही सापडलं का?"

उकराबाईनं मागच्या पायानं त्या दगडावर माती लोटली. दोनदा थोपटली. वर शेपूट टाकून बसली.

"माती, सायेब," ती म्हणाली. "नुसती माती."

तात्पर्य : जमिनीखाली काय दडलं आहे ते राजाला जरूर सांगावं, पण त्याआधी दुसरं बीळ खणून ठेवावं, आणि दुसऱ्या बिळाखाली काय आहे, ते कुणालाच सांगू नये. परीक्षेत मात्र 'नेहमी खरे बोलावे' असंच लिहा. त्याला दोन गुण आहेत.