बारा नंबरच्या फ्लॅटसाठी स्वभाव-चाचणी

माणसाचा स्वभाव त्याच्या अंगठ्यात असतो, ही गोष्ट आता सर्वमान्य झालेली आहे. पूर्वी लोक तो कपाळावर, तळहातावर, नाहीतर जन्मवेळेत शोधायचे आणि त्यात फसगत फार व्हायची. अंगठ्याचं तसं नाही. माणूस मोबाइलवर कधी येतो, काय वाचतो, वाचून गप्प बसतो की गुलाबाची फुलं पाठवतो, एवढ्यावरून तो जिन्यात चपला कशा काढेल, ओला कचरा सुक्यात टाकेल का आणि गच्चीवर कोणाच्या दोरीवर कपडे वाळत घालेल, हे आधीच समजतं. (समजतं, असं समजायला हरकत नाही.)

नवीन पनवेलच्या स्नेहबंध सहकारी गृहनिर्माण संस्थेने हे शास्त्र २०१७च्या उन्हाळ्यात स्वीकारलं. त्याला निमित्त झाले संस्थेचे सेक्रेटरी कमळाकर, आणि कमळाकरांना निमित्त झाला त्यांचा चष्मा.

कमळाकर भला माणूस. विमा कंपनीतून रिटायर झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांचा चष्मा गेली कित्येक वर्षं जुन्या पनवेलमधल्या जमालभाईंच्या दुकानातून. कमळाकरांच्या डोळ्यांचा नंबर त्यांच्या बायकोला, कुमुदला, ठाऊक नव्हता. जमालभाईंना तोंडपाठ होता. ईदला शीरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला तोच डबा चकल्या भरून परत जायचा. एप्रिलमध्ये नंबर तपासताना जमालभाई म्हणाले, "कमळाकरभाऊ, आमची बिल्डिंग पाडायला घेतायत. पावसाच्या आत घर बघायला हवं. अरीबा यंदा दहावीला, आणि तिची शाळा तुमच्या सोसायटीच्या मागच्याच गल्लीत. तुमच्याकडे बारा नंबर रिकामा आहे म्हणे. काही जमेल?"

"जमेल की! न जमायला काय झालं?" कमळाकर म्हणाले. (नाकावर नंबर तपासायची ती जड लोखंडी फ्रेम असताना आणि समोरचं काही दिसत नसताना माणूस फार उदार होतो.) जमालभाईंच्या बायकोने, बिल्कीसभाभींनी, आतून सरबत पाठवलं. कमळाकर ते आनंदाने प्याले, रिक्षात बसले, आणि उड्डाणपुलावर आल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला.

इथे एक खुलासा करायला हवा. स्नेहबंधमध्ये भेदभाव अजिबात नाही. आलेल्या पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी तिथले लोक हे सांगतात. बारा नंबरचे मालक प्रभाकर मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. तेही फोनवर हेच म्हणाले. "मला काय प्रॉब्लेम असणार रे? सोन्यासारखा माणूस आहे. फक्त सोसायटीचं तेवढं बघ. उद्या मला कोणी बोलायला नको."

कमिटीची मीटिंग झाली. हजर सात, विरोध शून्य, काळजी सात. चेअरमन काशिराम यांचं नेऱ्याला फार्महाऊस असल्यामुळे त्यांचं मन आधीच विशाल होतं. ते म्हणाले, "माझ्याकडून शंभर टक्के हो. पण सुनीतावहिनींना चालेल का?" सुनीतावहिनी म्हणाल्या, "अय्या, मला न चालायला काय झालं? मी चौथ्या मजल्यावरच्या आजींचा विचार करतेय. जुन्या वळणाच्या आहेत हो." मग चौथ्या मजल्यावर जाऊन आजींना विचारण्यात आलं. आजी म्हणाल्या, "कोण, तो चष्मेवाला? येऊ दे की. माझी काडी कधीची ढिली झालीय." आजींचं वय लक्षात घेऊन त्यांचं मत नोंदवण्यात आलं नाही.

पेच मोठा होता. हो म्हणायचं धाडस नव्हतं आणि नाही म्हणायला कारण नव्हतं. अशा वेळी शास्त्र मदतीला येतं. ते दमयंतीबाईंच्या पर्समधून आलं.

दमयंतीबाई संस्थेच्या खजिनदार. त्यांनी वाशीच्या एका हॉलमध्ये 'मोबाइल वर्तनातून व्यक्तिमत्त्व' या विषयाची एकदिवसीय कार्यशाळा केली होती (जेवणासह) आणि तिचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून कायम जवळ बाळगलं होतं. त्या म्हणाल्या, "आपण जातधर्म बघतच नाही मुळी. आपण स्वभाव बघू. ग्रुपवर घ्या त्यांना महिनाभर. अंगठा खोटं बोलत नाही." सात जणांनी एकदम सुस्कारा सोडला. इतका निष्पक्ष उपाय कोणाच्या स्वप्नातही आला नव्हता.

शंभरपैकी साठ गुण मिळाले तर पास, असं ठरलं. मापं शास्त्रशुद्ध होती. सकाळी सहाच्या आत सुप्रभात म्हणणारा माणूस शिस्तीचा. निळी टिक येऊनही उत्तर न देणारा आतल्या गाठीचा; लगेच उत्तर देणारा रिकामटेकडा; उशिरा देणारा शिष्ट. डीपीवर स्वतःचा फोटो असेल तर अहंकार, मुलांचा असेल तर स्वतःचं काही नाही, फुलाचा असेल तर काहीतरी लपवतोय. देवाचा असेल तर उत्तम. (कोणत्या देवाचा, हे पोटनियमात यायचं होतं.)

अशा रीतीने जमालभाई 'स्नेहबंध परिवार' या ग्रुपवर आले. कमळाकरांनी त्यांना सांगितलं, "सगळ्यांची जरा ओळख होऊ दे, म्हणून घेतोय." जमालभाई म्हणाले, "बहोत शुक्रिया, भाऊ," आणि ग्रुपवर लिहिलं, "सर्वांना सलाम आणि नमस्कार." यावर कमिटीत पाऊण तास चर्चा झाली. शेवटी नमस्काराचे दोन गुण देण्यात आले आणि सलामाचे राखून ठेवले.

निरीक्षण कसून चाललं. जमालभाई पहाटे पाचलाच ऑनलाइन असतात असं दिसल्यावर दमयंतीबाईंनी उत्साहाने 'अत्यंत मेहनती' असा शेरा लिहिला. मग ते पहाटे का उठत असतील हे त्यांच्या लक्षात आलं, आणि शेऱ्यापुढे प्रश्नचिन्ह पडलं. पाण्याचा टँकर आल्याचा मेसेज आला, की ते अंगठा दाखवत. (राहत नसलेल्या इमारतीच्या पाण्यात रस: चौकस, की चोंबडा?) आजींच्या चष्म्याचं ग्रुपवर निघालं तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी दुकानातला माणूस पाठवून काडी बसवून दिली. दमयंतीबाईंनी नोंद केली: 'वृद्धांना चटकन वश करतो.' एवढं सगळं वजा करूनही बेरीज चौऱ्याऐंशी आली.

चौऱ्याऐंशी! काशिराम म्हणाले, "यंत्रात बिघाड असणार." कुठलंही यंत्र आधी खात्रीच्या मालावर तपासून घ्यावं, या न्यायाने मग स्नेहबंधच्या सर्व सभासदांना तेच माप लावण्यात आलं. निकाल पुढीलप्रमाणे लागला. काशिराम सव्वीस (रोज तेच बोटीचं चित्र टाकून सुप्रभात). सुनीतावहिनी एकोणीस. कुमुद बावीस. कमळाकर एकतीस, म्हणजे संस्थेत पहिले. दमयंतीबाई बारा, पण त्यांचा फोन जुना असल्यामुळे तो आकडा धरण्यात आला नाही. नियमाप्रमाणे पाहिलं तर स्नेहबंधमध्ये राहण्याची लायकी एकाच माणसाची होती आणि तो तिथे राहत नव्हता.

शास्त्र असल्या किरकोळ अडचणींनी डगमगत नसतं. दमयंतीबाईंनी कार्यशाळेची टिपणं काढली आणि सांगितलं, की चूक गुणांत नाही, पास होण्याच्या कल्पनेत आहे. समाजाची सरासरी तेवीस असेल, तर तेवीस हीच निरोगी अवस्था. त्यापासून एकसष्ट गुण लांब असलेला माणूस नॉर्मल कसा म्हणायचा? "इतकं चांगलं कोणी असतं का हो?" त्या म्हणाल्या, आणि हा प्रश्न सर्वांना पटला, कारण त्यांच्या माहितीत तसं कोणी नव्हतं. फेरतपासणी लागली.

इकडे मे संपत आला. जुन्या इमारतीचं पाणी तोडलं होतं. बिल्कीसभाभी सामान बांधून बसल्या होत्या. आत काय आहे ते वर लिहिलेली खोकी दुकानातसुद्धा आली होती, आणि कमळाकर टपाल नाक्याकडे जायचे तर हल्ली दुकान टाळून मागच्या रस्त्याने जात. जमालभाईंचा दर आठवड्याला फोन येई, "भाऊ, घाई नाही, पण काही कळलं का?" आणि कमळाकर म्हणत, "प्रोसेस चालू आहे." हे म्हणताना त्यांना स्वतःची लाज वाटायची. चांगलीच वाटायची. रात्री जेवण जायचं नाही आणि कुमुदला वाटायचं भाजी बिघडली.

शेवटी एका मीटिंगमध्ये कमळाकर उभेच राहिले. त्यांच्या हयातीत ते पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले. "अहो, पुरे करा की! तो माणूस घर मागतोय, तुमची मुलगी मागत नाही. मी त्याला हो म्हणून आलोय. द्यायचं नसेल तर तसं सांगा, नाहीतर माझा राजीनामा घ्या." सेक्रेटरीपद दुसऱ्या कोणालाच नको असल्यामुळे या धमकीचा विलक्षण परिणाम झाला. 'सभासदांच्या विशाल दृष्टिकोनास अनुसरून, विशेष बाब म्हणून, सहा महिन्यांच्या अटीवर' असा ठराव पास झाला. ठरावानंतर सर्वांचे डोळे पाणावले. आपण इतके पुरोगामी असू, असं त्यांनाही वाटलं नव्हतं. काशिरामांनी त्याच भरात सर्वांना फार्महाऊसचं आमंत्रण दिलं.

कमळाकर पेढ्यांचा बॉक्स घेऊन पुढच्या रस्त्याने, छाती काढून दुकानात गेले.

"जमालभाई, झालं काम! उद्याच सामान आणा."

जमालभाईंनी त्यांना बसवलं, पेढा घेतला, अर्धा बिल्कीसभाभींना दिला. मग म्हणाले, "अल्लाह तुमचं भलं करो. पण आम्ही पळस्प्याच्या पुढे घर घेतलं, भाऊ. परवाच."

"पळस्प्याच्या पुढे? आणि अरीबाची शाळा?"

"जाईल मिनीडोअर रिक्षाने. तासभर आधी उठेल."

"अहो, पण एवढं भांडलो मी! दोन दिवस थांबायचं होतंत. फोन तरी करायचा!"

जमालभाई चष्मा पुसत राहिले. "मला माहीत आहे, तुम्ही भांडला असाल. तुमच्या दिलात खोट नाही. पण कमळाकरभाऊ, तुम्ही मला ग्रुपवर घेतलंत ना? मी वाचत होतो."

"काय वाचत होतात?"

"सगळंच."

आता हे मात्र खरोखर कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जमालभाई काय लिहितात, यावर सात माणसांचा पहारा होता. ते वाचतातही, ही शक्यता कार्यशाळेत शिकवलेली नव्हती. आणि ग्रुप तर नेहमीसारखाच चालू होता. सुप्रभात, टँकर, पार्किंग, आणि मध्ये मध्ये 'जागे व्हा' छापाचे ते लांबलचक मेसेज. कुठल्या लोकांना घर देऊ नये, कुठल्या लोकांच्या दुकानात जाऊ नये, कुठल्या लोकांपासून मुलीबाळींना जपावं. त्यातला सर्वांत लांब कुमुदने टाकला होता. तिने तो वाचला नव्हता. ती मेसेज वाचत नाही, पुढे पाठवते. वाचत बसलं तर पाठवायचे कधी?

"अहो, ते फॉरवर्ड असतात," कमळाकर म्हणाले. "कोणी मनावर घेत नाही. आमच्या हिने तर बघितलंसुद्धा नसेल. आणि मी... मी तर कधी असलं टाकत नाही. एकदा तरी टाकलंय का मी?"

"नाही," जमालभाई म्हणाले. "तुम्ही फक्त हात जोडलेत."

कमळाकर प्रत्येक मेसेजखाली हात जोडतात. वाढदिवस असो, श्रद्धांजली असो, टँकर असो, जोडलेले हात टाकायचे आणि फोन बाजूला ठेवायचा, ही त्यांची पद्धत. कोणी दुखावू नये म्हणून.

"माझा फोन अरीबाच बघते," जमालभाई म्हणाले, "त्यावर तुमचं नाव आलं की तिला आनंद व्हायचा. चष्मेवाले काका म्हणते तुम्हाला. त्या दिवशी तिने मला विचारलं, काकांनी इथे हात का जोडले? मला काही सांगता येईना. मग मी पळस्प्याला घर बघितलं." एवढं बोलून त्यांनी कमळाकरांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला, सवयीने काच पुसली, आणि परत दिला. "पुढच्या महिन्यात या. नंबर वाढलेला वाटतोय."

त्या संध्याकाळी जमालभाई ग्रुप सोडून गेले. ग्रुपवर तशी एक बारीक राखाडी ओळ उमटली. दमयंतीबाईंनी 'न सांगता निघून जाणे' या सदरात दहा गुण वजा केले, आणि हा माणूस आपल्यात रमणारा नाही हे शास्त्राने महिनाभर आधीच ओळखलं होतं, असं सर्वानुमते ठरलं. दमयंतीबाईंच्या अभिनंदनाच्या ठरावाखाली सव्वीस अंगठे आले. कमळाकरांनी फोन हातात घेतला, बराच वेळ धरला आणि अंगठा नेहमीच्या जागी गेला तेव्हा त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून ठेवला. कुमुदने विचारलं, "अहो, अंगठ्याला काही लागलं का?"

चाचणीची पद्धत आता आसपासच्या सोसायट्यांनीही मागवली आहे, तेव्हा तुमच्याकडे ती यायला वेळ लागणार नाही. तोवर तयारी म्हणून एक करता येईल. तुमचा रोजचा ग्रुप उघडा आणि नावाखाली माणसांचा आकडा दिलेला असतो तो पाहा. शाळेचा असेल, ऑफिसचा असेल, घरच्यांचा असेल. त्यातलं कधीच काही न लिहिणारं एक नाव तुम्हाला सापडेल. ते नाव तुम्ही विसरला होता. त्याने तुमचे गुण कधीच मांडून ठेवलेत, आणि तो तुम्हाला ते सांगणार नाही, कारण तो सभ्य माणूस आहे.