मोहरीलकाकांचं पोट्टं

आमच्या शेजारच्या मोहरीलकाकांनी एका सदतीस वर्षांच्या पोर्तुगीज माणसाला काम मिळावं म्हणून सत्यनारायण घातला, आणि त्याचा शिरा मी केला. सव्वा किलो रव्याचा. हे सांगितलं की लोक खो खो हसतात. त्यांचं काय जातंय हसायला, रवा मी भाजला होता.

आमंत्रण आलं तेव्हा अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या कॅरी गावातल्या मराठी मंडळींना वाटलं, निहारचं लग्न ठरलं. निहार हा काकांचा एकुलता एक मुलगा. तीस वर्षांचा, तिकडे मिनेसोटात ईडन प्रेरीला नोकरी करतो, तिथली घड्याळं आमच्यापेक्षा तासभर मागे. बायका जरीच्या साड्या नेसून आल्या. काका सोवळं नेसून, कमरेला सुपारी खोचून एकटेच पाटावर बसले. काकूंना जाऊन चार वर्षं झाली. नागपूरचे गुरुजी समोर लॅपटॉपवर होते.

"संकल्प कोणासाठी करायचा?" गुरुजींनी विचारलं.

काकांनी एक लांबलचक, चार पदरी पोर्तुगीज नाव सांगितलं. गुरुजींना वाटलं, आवाज तुटतोय. "पुन्हा सांगा हो." काकांनी पुन्हा सांगितलं.

"गोत्र?"

"माहीत नसलं तं काश्यप म्हणतात ना, गुरुजी? काश्यपच घ्या."

"आणि कामना?"

"क्लब भेटला पाहिजे. सोमवारच्या आत."

गुरुजीही नागपूरचेच, त्यांना कशाचंच काही वाटलं नाही. त्यांनी त्या काश्यपगोत्री पोर्तुगीजासाठी खणखणीत आवाजात संकल्प सोडला. जरीच्या साड्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. मी माझ्या नवऱ्याकडे, मंदारकडे पाहिलं. तो छताकडे पाहत होता.

तर हा पोर्तुगीज म्हणजे फुटबॉल खेळणारा. विंगर, म्हणजे मैदानाच्या डाव्या कडेनं पळणारा. त्याचं नाव तुम्हाला सांगून काही उपयोग नाही, तुम्ही ते ऐकलेलं नाही. पोर्तुगालमध्येही फार जणांनी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. काका त्याला नावानं हाक मारत नाहीत. "आपलं पोट्टं" म्हणतात. सदतीस वर्षांचं, दाढीत पांढरे केस आलेलं पोट्टं.

या पोट्ट्याची सगळी कारकीर्द मला तोंडपाठ आहे. मला! जिला ऑफसाइड म्हणजे काय ते आजही कळत नाही. एकोणिसाव्या वर्षी राजधानीतल्या मोठ्या क्लबनं घेतला. पेपरांनी डोक्यावर घेतला. विसाव्या वर्षी गुडघा गेला. मग एका छोट्या क्लबला एका हंगामापुरता दिला, मग दुसऱ्या, मग सायप्रस, मग रुमेनिया, मग पोलंडमधलं एक गाव जिथं काकांच्या म्हणण्याप्रमाणे मे महिन्यातही स्वेटर लागतो. शेवटची दोन वर्षं पुन्हा पोर्तुगालमध्ये, खालच्या डिव्हिजनला. अठरा वर्षांत एकही कप नाही. गोल म्हणाल तर काका प्रत्येक गोलची गोष्ट सांगू शकतात, यावरून किती झाले असतील ते समजा.

"पण काका, याच्यात आहे काय एवढं?" मी एकदा वैतागून विचारलं होतं.

"कडेची रेघ सोडत नाही," काका म्हणाले. "पाहिलं का तू? बाकीचे बॉल नाही भेटला का आतमंदी धावतात. आपलं पोट्टं उभं राहते. बॉल येवो न येवो, रेघ सोडत नाही."

हे वाक्य मी किमान हजार वेळा ऐकलं आहे. माझ्या मुलीच्या, इराच्या, पियानो टीचरनंही ऐकलं आहे. ती बिचारी अमेरिकन बाई पार्किंगमध्ये सापडली आणि पाऊण तास पोलंडमध्ये अडकली. आमच्या डेंटिस्टनंही ऐकलं, तेही काकांच्या तोंडात त्याचे दोन्ही हात असताना. इरा मला विचारते, "आई, डझ ही नो दॅट काका एक्झिस्ट्स?" मी म्हणते, नाही गं बाई, त्या माणसाला काहीही कल्पना नाही.

काकांच्या हॉलमध्ये तीन घड्याळं आहेत. एक कॅरीचं, एक नागपूरचं आणि एक पोट्ट्याचं. पोट्टं देश बदलतं तसं ते तिसरं घड्याळ बदलतं. काका सकाळी उठून आपल्याकडचं हवामान पाहत नाहीत, तिकडचं पाहतात. "आज तिकडं पाऊस आहे. ग्राउंड जड राहीन." आणि स्वतः मात्र इथल्या धो धो पावसात छत्रीशिवाय बाहेर पडतात. हायवेवर गाडी चालवतानाही तेच, कडेची लेन सोडायची नाही. आता इथली कडेची लेन दर दोन मैलांनी एक्झिटला लागते. मला एकदा एअरपोर्टला सोडायला निघाले. मी ओरडतेय, "काका, ही एक्झिट ओन्ली आहे, आत घ्या!" काका शांत. आम्ही बाहेर पडलो, वळसा घालून परत आलो, पुन्हा बाहेर पडलो. माझं फ्लाइट चुकलं. वर हे म्हणतात, "पण ॲक्सिडेंट झाला का? नाही ना?" कपाळ माझं!

काका मूळचे नागपूरचे. इथं येऊन तीस वर्षं झाली, त्यातली पंचवीस जुन्या कॉम्प्युटर सिस्टिमी सांभाळण्यात गेली. सोमवारी पहाटेच्या विमानानं क्लायंटच्या गावी, गुरुवारी रात्री परत. आता निवृत्त. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच आणि ती इथल्या सगळ्या भिंतींसारखी पुठ्ठ्याची. त्यामुळे रविवारी सकाळी दहा वाजता त्यांच्याकडे काय चालतं ते आम्हाला बसल्या जागी ऐकू येतं.

रविवारी दहाला निहारचा फोन येतो. त्या वेळी काकांची बेल वाजवायची नाही. एकदा मी वाजवली, तर दार न उघडताच आतून ओरडले, "आग लागली का? नाही ना? मंग अकराला ये!" पहिल्यांदा ते बोलणं ऐकलं तेव्हा मला वाटलं, फुटबॉलवाल्यांचा कुठला क्लब असावा. "अठ्ठावन्नाव्या मिनिटाला काढला काहून त्याला? पाय दुखून राहिला का?" मग तिकडचं काहीतरी, मग काका, "तू म्हणतो ते बरोबर आहे. कोचच भैताड आहे." वीस मिनिटं हे असं. शेवटी "बरं. ठेवतो." बापलेकाच्या गप्पांत ना जेवणखाण, ना तब्येत, ना लग्नाचा विषय. मी मंदारला म्हटलंही, "पोर चार महिने आजारी असलं तरी यांना कळायचं नाही. त्या पोर्तुगीजाचा गुडघा मात्र रोज माहीत."

या वर्षी मे महिन्यात पोट्ट्याचा करार संपला आणि क्लबनं पुन्हा केला नाही. मग सुरू झाला आमचा उन्हाळा. तिकडे खेळाडूंना नवीन क्लब घ्यायला एक ठरावीक मुदत असते. ती ज्या सोमवारी संपणार होती, तोवर क्लब मिळाला नाही तर या वयात खेळ खलास. काका जेवेनात. मी पोळीभाजी नेऊन दिली तर डबा तसाच परत. ग्रीन कार्डची तारीख पुढे सरकली का म्हणून आपण सगळ्यांनी एके काळी जसं रोज कॉम्प्युटर उघडून पाहिलं, तसं ते तासातासाला पाहायचे. मला म्हणायचे, "तुझ्या कंपनीचं पोर्तुगालमंदी ऑफिस आहे ना? विचार ना जरा." मी औषधांच्या कंपनीत आहे हो! गोळ्यांचे रिपोर्ट तपासते मी!

आणि मग तो सत्यनारायण.

सोमवारी मुदत संपली. मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघाले, तर दारात काका. हातात आयपॅड. अंगात बनियन. तिकडच्या भाषेतली चार ओळींची बातमी, खाली इंग्रजी. पोट्टं निवृत्त झालं.

"संपलं," काका म्हणाले.

माझी नऊची मीटिंग होती. रव्याचा राग अजून डोक्यात होता. माझा तोल गेला. "काका, बास झालं आता! सदतीस वर्षांचा बाप्या आहे तो. घरी जाऊन आराम करेल. तुम्ही कोण, कुठले, त्याला माहीतही नाही. त्याच्यापायी तुम्ही जेवण सोडलंत? लोक हसतात तुम्हाला!"

काकांनी आयपॅड बंद करून काखेत धरला.

"त्याचं काय आहे, मीनल," ते म्हणाले, "त्याचं होईन काहीतरी. पण रविवारी मी निहारशी काय बोलू?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"आधी फोन तिचा असे," काका म्हणाले. तिचा म्हणजे काकूंचा. "ती तासभर बोले आणि शेवटी मले देई. मी म्हणो, बरा आहे ना? तो म्हणे, हो बाबा. झालं. मंग ती गेली. पहिल्या रविवारी फोन आला. मी काही बोललो नाही, तोही नाही. चार मिनिटं. मी घड्याळ पाहून राहिलो होतो. मंग मले आठवलं, लहानपणी त्याच्या खोलीत या पोट्ट्याचं पोस्टर होतं. मी म्हटलं, काय रे, तो कुठं खेळते सध्या? तं बोलला ना तो! दहा मिनिटं बोलला."

चार वर्षांत त्यांनी त्या माणसाची अठरा वर्षं पाठ केली होती. मीटिंग गेली चुलीत. मी तिथंच पायरीवर बसले.

"तू एक काम कर ना," काका म्हणाले. "तुले कॉम्प्युटरवर चांगलं सापडते. दुसरं एखादं पोट्टं शोधून दे. डाव्या बाजूचंच पाहा. पण कमी वयाचं पाहा हं, वीस-एकवीसचं. मी आहे तोवर खेळलं पाहिजे ते."

मला इतकं रडू आलं की राग आला. काकांचा नाही, त्या निहारचा. आणीबाणीला म्हणून त्याचा नंबर माझ्याकडे होता. ऑफिसला पोचल्यावर मी गाडीतूनच फोन लावला आणि सुरुवातच केली, "निहार, तुला तो विंगर एवढा आवडतो, तर..."

"मीनलताई," तो म्हणाला, "आय हॅवन्ट वॉच्ड सॉकर सिन्स कॉलेज."

"म्हणजे?"

"दर रविवारी सकाळी मी हाफ ॲन अवर त्याच्या न्यूज वाचतो. ट्रान्सलेट करून. मग बाबांना कॉल करतो. ही लव्हज इट सो मच, यार. आई गेल्यावर बाबा दुसरं काही बोललेच नाहीत." मग म्हणाला, "आज सकाळी न्यूज पाहिली. मला खरंच टेन्शन आलंय. आता मी त्यांच्याशी काय बोलू?"

धन्य! बाप तसा लेक. एक इथं पुठ्ठ्याच्या भिंतीआड घोकंपट्टी करतोय, एक तिथं. आणि मध्ये मी सव्वा किलो रवा भाजतेय. मी त्याला म्हटलं, "अरे गाढवा, काहीही बोल. जेवलात का विचार. दुसरं काही सुचत नसेल तर लहानपणचं काही विचार. आणि तू वाचून वाचून बोलायचास ते मी त्यांना सांगणार नाही, तूही सांगू नकोस."

"जेवलात का, दॅट वर्क्स?" त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं.

रविवारी दहाला मी भिंतीला कान लावून उभी होते. लाज सोडून. मंदार म्हणाला, "शोभतं का हे?" आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

फोन वाजला. काका म्हणाले, "हं, बोल." मग काही नाही. कितीतरी वेळ काही नाही. मी मनात म्हणत होते, अरे बोल रे कार्ट्या, बोल. मग काकांचा आवाज आला, "हो, जेवलो. पोहे." मग तिकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं असावं, कारण काका नुसतं हं, हं करत होते.

"आठवते ना," काका म्हणाले. "एकच तं पाहिली मी तुझी मॅच. बाकी साऱ्या तुझ्या आईनं पाहिल्या. मी मंगळवारी क्लायंटला खोटं सांगून आलो होतो, पोट दुखते म्हणून. तू बारा वर्षांचा. अकरा नंबर. शर्ट गुडघ्यापर्यंत. एका तासात एकदाही बॉल दिला नाही रे तुले कोणी. एकदाही. बाकीची पोरं सारी बॉलच्या मांगं. मी तिकडं झाडाखाली उभा होतो, तुले दिसलो नसीन. पण रेघ नाही सोडली तू. पूर्ण तासभर रेघ नाही सोडली, पोट्ट्या."

मंदार भिंतीपासून बाजूला झाला आणि उगाचच नळ सोडून भांडी घासू लागला. मी तिथंच उभी राहिले. त्या दिवशी फोन पावणेबारापर्यंत चालला.

सोमवारी मी डबा घेऊन त्यांच्याकडे गेले. काका टेबलाशी बसून दोन पोळ्या आणि वांग्याची भाजी बिनतक्रार जेवले. वर पाहिलं, तर तिसरं घड्याळ कॅरीच्या घड्याळापेक्षा बरोबर एक तास मागे होतं. मी म्हटलं, "काका, बॅटरी गेली वाटतं. येताना आणते मी."

"राहू दे," काका म्हणाले. "ते बरोबर आहे. त्याच्याकडं आता साडेअकराच वाजले आहेत. जेवला नसीन अजून."