देविदासकाकांची मूर्तिजापूर ट्रायल

देविदासकाका मंगळवारी सकाळी गेले. अकोल्यात, स्वतःच्या घरी. मी शेजारी राहतो, शाळेत मास्तर आहे. मी तिथे होतो.

त्यांच्याविषयी लिहायला बसलो की आधी त्यांचा कान आठवतो. गल्लीत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की काका इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्याआधी तयार! गाडीपुढे आले की चष्मा काढायचे, डावा कान बॉनेटला लावायचे आणि डोळे मिटायचे. विकणारा, घेणारा, घेणाऱ्याची बायको, सगळे श्वास रोखून उभे.

"बोलून राहिली... बोलून राहिली!"

"काय म्हनते, काका?"

"तीन नंबरचा पिस्टन नाराज हाये."

प्रत्येक गाडीत तीन नंबरचाच पिस्टन नाराज असायचा. काका पाटबंधारे खात्यात आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेले. स्टिअरिंगला त्यांनी हात लावलेला कोणी पाहिला नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मास्तर, डाक्टर सोताचं ऑपरेशन सोताच करते काय?" उत्तर इतक्या जोरात आलं, की मला पटलंच.

त्यांचा एक नियम मात्र कोणी मोडायचा नाही. गाडी घ्यायची ती अमरावतीची. "अकोल्याची गाडी खाऱ्या पान्यावर वाढली. आतून गंजते थे!" आणि अमरावतीहून गाडी आणताना मूर्तिजापूरला थांबायचं. तिथे एका निळ्या दाराच्या घरापुढे रेडिएटरमध्ये पाणी भरायचं, तरच ट्रायल पूर्ण. मूर्तिजापूरचं पाणीही खारंच, हे मी एकदा बोलून पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

ते घर त्यांच्या सख्ख्या बहिणीचं, कमलबाईंचं. भाचीच्या लग्नात नवरीची गाडी काकांनी कान लावून निवडली होती. ती मांडवापासून दहा पावलांवर बंद पडली. "तुले गाडीतलं काय समजते रे?" असं बहिणीचे यजमान भरमांडवात म्हणाले. काका तिथेच ओरडले, "आजपासून या घरचं पानी पेनार नाई!" पुढे यजमान वारले. शपथ राहिली, कारण ती परत घ्यायची कोणासमोर, हे काकांना कळेना. पण गाडीने काही शपथ घेतली नव्हती. गल्लीत गाडी आली, की काकांना बहीण दिसायची.

दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायचे माझ्यामार्फत.

"सांगा त्याइले, बीपीची गोळी घेत जा म्हना."

"सांगा बाईले, घेतो म्हना."

"विचारा, वाळले काहून एवढे?"

"सांगा, शर्ट ढिला हाये."

मी मध्ये उभा. दोघंही मला ऐकू येईल त्यापेक्षा मोठ्याने बोलत.

मागच्या उन्हाळ्यात मी गाडी घ्यायचं ठरवलं. काका आठवडाभर नाचत होते. अमरावतीला रफिकभाईंच्या गाड्यांच्या आवारात पोचलो. काकांनी चष्मा काढला, कान लावला, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"चालू करा ना, रफिकभाई."

"चालूच है, चाचा."

काकांनी दुसरा कान लावला. मग चेहरा असा उजळला, की बघत राहावं! "मास्तर, घ्या! जिंदगीत असं इंजन पाह्यलं नाई. मक्खन! तीन नंबरचा पिस्टन तं झोपला हाये!"

"चाचा, बिजली की गाडी है. इंजनच नहीं इसमें."

काका क्षणभरही अडले नाहीत. "मंग तेच तं सांगून राहिलो मी! इंजनच नाई, तं नाराज कोन होईन?"

आवारातले सगळे हसले, काकाही हसले. मग त्यांनी हळूच विचारलं, "पानी कुठून टाकते हिच्यात?"

"चाचा, ये पानी नहीं मांगती."

बदनेरा आलं. काकांच्या हातात रुमाल, नजर रस्त्यावर. मी गाडीसोबतचं माहितीपुस्तक आवारातच वाचून काढलं होतं. ती माझी सवय. म्हटलं, "काका, समोरची काच धुवायला एक टाकी असते. तिच्यात पाणी लागतं."

"भरली हाये?"

"हो. काठोकाठ."

"कोनतं बटन?"

मग वैशाखाच्या त्या कोरड्या उन्हात आम्ही काच धुवायला सुरुवात केली. काका दर मैलाला "हान!" म्हणायचे, मी दांडी ओढायचो, वायपर फडफडायचे, काका टाळी वाजवायचे. ट्रकवाले आकाशाकडे बघून घेत होते. काच इतकी लख्ख झाली, की मूर्तिजापूर मला लांबूनच स्वच्छ दिसलं.

कमलबाई तांब्या घेऊन बाहेर आल्या. मी बॉनेट उघडलं. काकांनी तांब्या घेतला, स्वतः ओतू लागले. अर्धा तांब्या गेला आणि टाकी वाहायला लागली. आम्ही एवढंच रिकामं करू शकलो होतो.

काकांच्या हातात अर्धा तांब्या राहिला. ऊन टिपेला. त्यांचे ओठ सुकले होते.

कमलबाई त्या तांब्याकडे बघत म्हणाल्या, "सांगा त्याइले, हे पानी मी गाडीले देल्लं. घरात वापस नेनार नाई."

मी सांगितलं नाही. काकांनी टाकीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, फार गंभीरपणे.

"मास्तर, हे गाडीचं पानी हाये ना?"

"गाडीचंच."

ते उभ्यानेच प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत. तांब्या परत देताना पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले, "कमल, खारं हाये व."

"हाये तं हाये," ती म्हणाली. पदर तोंडाला लावून ती आत गेली आणि तांब्या पुन्हा भरून घेऊन आली.

त्यानंतर गल्लीत कोणी गाडी घेतली नाही. मंगळवारी मूर्तिजापूरला फोन मी केला, आणि कमलबाईंना आणायलाही मीच गेलो.

आता त्या मूर्तिजापूरला एकट्याच राहतात. महिन्यातून एकदा टाकी भरायला मी जाणार आहे.